कीडाजडीने मूत्रपिंड वाचते का?

हिमालयात तीन ते पाच हजार मीटर उंचीवरच्या गवताळ उतारांवर मे महिन्यात बर्फ वितळू लागले, की उत्तराखंडातील पिथौरागढ जिल्ह्याच्या धारचुला आणि मुन्सियारी भागांतली माणसे तंबू आणि शिधा घेऊन वर चढतात. तिथे ती दिवसचे दिवस गुडघ्यांवर रांगत, जमिनीतून बोटभर वर आलेले एक काळपट तपकिरी देठ शोधत असतात. नेपाळच्या डोल्पात, भूतानच्या उत्तरेकडील खोऱ्यांत आणि तिबेटच्या पठारावरही या दिवसांत हेच चित्र असते. देठाखाली मातीत एक मेलेली अळी असते, आणि अळी व देठ मिळून जी वस्तू होते तिला कुमाऊँ-गढवालात कीडाजडी आणि नेपाळात यार्सागुम्बा म्हणतात. एका किलोत साधारण दोन-तीन हजार नग बसतात आणि त्या किलोची किंमत लाखो रुपयांत जाते. ही किंमत मुख्यतः चीनमधल्या मागणीने ठरते. त्या मागणीमागे दमसास, पौरुष, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांच्याविषयीचे जुने दावे आहेत.

यांतला मूत्रपिंडाचा दावा इतरांहून वेगळा आहे. त्याच्यामागे नुसती ख्याती नाही, तर प्रयोगशाळांतले तीसेक वर्षांचे काम आहे. मात्र हे काम एवढे पक्के नाही की ज्याच्या रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ) वाढत चालले आहे अशा रुग्णाला त्याच्या भरवशावर गोळी सुचवता यावी. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजण्यासाठी ‘कीडाजडी मूत्रपिंड वाचवते का’ हा प्रश्न थोडा फोडून विचारावा लागतो: कोणती बुरशी, तिच्यातला कोणता पदार्थ, आणि ‘वाचवते’ हे कशावरून ठरवायचे?

आधी ती वस्तू पाहू. कीडाजडीतली अळी एका पतंगाची असते. ती काही वर्षे जमिनीखाली राहून गवत-झुडपांची मुळे खाते. तिच्या शरीरात एका बुरशीचा शिरकाव होतो आणि बुरशीचे तंतू आतले सगळे मांस हळूहळू संपवत तिच्या कातडीच्या आत दाटीने भरून राहतात. मरण्यापूर्वी अळी डोके वर करून पृष्ठभागाच्या जवळ आलेली असते. पुढच्या वसंतात तिच्या डोक्यातून बुरशीचे फलधारी देठ फुटते आणि मातीबाहेर येते. म्हणजे अळीचा आकार तेवढा शिल्लक असतो, आतला ऐवज बहुतेक बुरशीचाच असतो. शास्त्रीय वर्गीकरणात ही बुरशी पूर्वी कॉर्डिसेप्स सायनेन्सिस म्हणून ओळखली जाई. २००७ साली जनुकीय अभ्यासानंतर तिला ऑफिओकॉर्डिसेप्स या वेगळ्या प्रजातीत हलवण्यात आले. बाजाराने अर्थातच जुनेच नाव ठेवले, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे त्याला त्याचा फायदाही झाला. बेसुमार वेचणी आणि बदलते हवामान यांमुळे आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०२० साली या बुरशीची नोंद ‘असुरक्षित’ गटात केली आहे.

औषध म्हणून तिचा उल्लेख पंधराव्या शतकातील तिबेटी वैद्यकग्रंथात आढळतो. चीनमध्ये १७५७ सालच्या एका औषधिसंग्रहात ती फुप्फुसांचे रक्षण करते आणि मूत्रपिंडांना हितकारक आहे, असे म्हटले आहे. आजच्या जाहिराती हे वाक्य आवडीने उद्धृत करतात. परंतु पारंपरिक चिनी वैद्यकातले मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारा अवयव नव्हे. त्या शास्त्रात मूत्रपिंडाकडे वाढ, प्रजनन, हाडे, श्रवणशक्ती आणि वार्धक्य अशी मोठी खाती आहेत, आणि कंबर दुखणे किंवा उत्साह नसणे हीसुद्धा मूत्रपिंड दुर्बल झाल्याची लक्षणे ठरतात. आपल्याकडेही चरकसंहितेत वृक्क म्हणजे मूत्रपिंड हे मूत्र वाहणाऱ्या नव्हे, तर मेद म्हणजे चरबी वाहणाऱ्या मार्गांचे (मेदोवह स्रोतसांचे) मूळ म्हणून सांगितले आहे. तेव्हा अडीचशे वर्षांपूर्वीचा वैद्य ‘मूत्रपिंडाला हितकारक’ म्हणतो, त्यावरून क्रिएटिनिन कमी होईल असा निष्कर्ष काढणे म्हणजे त्या वैद्यावरही अन्याय आहे. परंपरेने इथे शोधाची एक दिशा दाखवली एवढेच खरे. औषधी बुरशी आपल्याला परकी नाही. कोकणात फणसाच्या जुन्या खोडावर येणारा कडक फणसोंबा तोंड आल्यावर उगाळून लावण्याची रीत आहे. पण मूत्रपिंडाशी कीडाजडीचे नाव जोडणारी परंपरा तिबेट-चीनकडची आहे, आयुर्वेदाच्या जुन्या संहितांतली नाही.

आता गाळणाऱ्या मूत्रपिंडाकडे येऊ. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. लघवी म्हणून बाहेर जाते ती ही उरलेली मात्रा. गाळणीच्या केशवाहिन्यांच्या गुच्छापुढे जी नळी सुरू होते, तिच्या पहिल्या भागातल्या पेशींना हे परत घेण्याचे सर्वांत जड काम असते. त्यामुळे त्यांना ऊर्जा प्रचंड लागते, आणि रक्तपुरवठा जरा कमी झाला किंवा एखादे विषारी औषध त्या नळीत साठले की सगळ्यांत आधी त्याच मरतात. जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके, सिस्प्लॅटिनसारखी कर्करोगाची औषधे आणि अवयव प्रत्यारोपणातले सायक्लोस्पोरिन यांचा मार याच पेशींवर बसतो. थोड्या पेशी मेल्या तर त्यांची जागा नव्या पेशी घेतात. पण इजा पुन्हा पुन्हा होत राहिली, किंवा मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांमुळे ती वर्षानुवर्षे चालू राहिली, तर दुरुस्तीचे काम भलत्या वाटेला जाते आणि जखमेच्या वणासारखी तंतुमय ऊती नळ्यांच्या मधल्या जागेत भरत जाते. एकदा तंतू भरलेला भाग पुन्हा गाळण्याचे काम करत नाही. म्हणून मूत्रपिंडाचे रक्षण करणारे औषध म्हणजे एकतर पेशी मरू न देणारे, किंवा हे तंतू भरण्याची गती कमी करणारे औषध.

प्रयोगशाळेत कीडाजडीचे अर्क नेमके या दोन ठिकाणी परिणाम दाखवतात. उंदरांना जेंटामायसिन किंवा सायक्लोस्पोरिन देऊन, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा काही वेळ थांबवून पुन्हा सुरू करून, किंवा एक मूत्रपिंड पूर्ण आणि दुसऱ्याचा मोठा भाग काढून टाकून त्यांच्यात आजार निर्माण केला जातो. अशा उंदरांना बुरशीचा अर्क दिला असता नळ्यांतल्या कमी पेशी मेल्या, दाह कमी झाला आणि तंतू भरण्याला चालना देणारा टीजीएफ-बीटा हा संदेशवाहक रेणू कमी प्रमाणात आढळला, असे अनेक अभ्यासांत नोंदले गेले आहे. वेगवेगळ्या प्रयोगशाळांत आणि वेगवेगळ्या प्रकारच्या इजांमध्ये सारखाच कल दिसणे ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही.

तरीही उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर बरेच आहे. यांतल्या काही प्रयोगांत मात्रा वजनाच्या किलोमागे ग्रॅमच्या हिशेबात असते. लहान प्राण्याच्या वेगवान चयापचयासाठी लावायची सूट लावली, तरी माणसासाठी ती दिवसाला तीन ग्रॅमच्या नेहमीच्या मात्रेपेक्षा कित्येक पट होते. शिवाय प्रयोगातल्या उंदराला अर्क बहुधा इजेच्या आधी किंवा इजेबरोबरच मिळतो, तर माणसाचा आजार सापडतो तेव्हा निम्म्याहून अधिक गाळण्या निकामी झालेल्या असू शकतात. मूत्रपिंडासाठी उंदरात गुणकारी ठरलेल्या पदार्थांची यादी फार लांब आहे, आणि त्यांतले दवाखान्यापर्यंत पोचलेले फार थोडे आहेत.

या विषयातला सर्वांत रोचक धागा मात्र सायक्लोस्पोरिनचा आहे. १९६९ साली स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने नॉर्वेतल्या हार्डान्गरविड्डा या पठारावरून मातीचा नमुना आणला. नव्या प्रतिजैविकांच्या शोधात जिथे जाल तिथली माती आणा, असा तेव्हा कंपन्यांचा प्रघात होता. त्या मातीतल्या बुरशीपासून मिळालेला पदार्थ प्रतिजैविक म्हणून फारसा उपयोगी ठरला नाही, पण १९७२ साली त्याचा रोगप्रतिकारशक्ती दडपण्याचा गुण लक्षात आला. १९७८ मध्ये केंब्रिजला शल्यचिकित्सक रॉय काल्न यांनी तो मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांमध्ये वापरला, आणि १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. परक्याचे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून डॉक्टरांच्या हाती तोवर जे होते, त्याच्या तुलनेत हे औषध इतके सरस ठरले की प्रत्यारोपण हा प्रयोग न राहता नित्याचा उपचार झाला.

ते देणाऱ्या बुरशीचे नाव टोलिपोक्लॅडियम इन्फ्लॅटम. ती मातीत राहणारी साधी बुरशी समजली जात होती. १९९६ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की तिची फळणारी अवस्था एका भुंगेऱ्याच्या अळीवर वाढते, आणि त्या अवस्थेला तेव्हाच्या वर्गीकरणात कॉर्डिसेप्सच म्हणत. म्हणजे आधुनिक प्रत्यारोपणाला ज्या औषधाने उभे केले, तेही अळीच्या अंगात घुसून राहणाऱ्या, कीडाजडीच्या गणगोतातल्या बुरशीचेच. कीटकाच्या शरीरात टिकायचे तर त्याच्या रोगप्रतिकार यंत्रणेला गप्प बसवावे लागते. या बुरशींच्या रसायनांत आपल्या प्रतिकारशक्तीवर काम करणारे रेणू वारंवार सापडतात, त्याचे हे एक संभाव्य कारण मानले जाते. सिकाडा या कीटकावर वाढणाऱ्या आणखी एका नातलग बुरशीतून जपानी संशोधकांनी मायरिओसिन नावाचा रेणू मिळवला आणि त्यात फेरफार करून फिंगोलिमोड हे औषध तयार झाले. त्याचीही आधी मूत्रपिंड प्रत्यारोपणात चाचणी झाली. तिथे ते प्रचलित औषधांपेक्षा सरस ठरले नाही. पुढे २०१० साली ते मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी मान्य झाले.

सायक्लोस्पोरिनची अडचण सुरुवातीलाच दिसली होती. ज्या मूत्रपिंडाचे ते शरीराच्या हल्ल्यापासून रक्षण करते, त्याच मूत्रपिंडाला ते स्वतः इजा करते. गाळणीकडे रक्त आणणारी बारीक रक्तवाहिनी त्याने आकसते, नळ्यांच्या पेशी दुखावतात आणि बराच काळ दिल्यास तंतू भरू लागतात. ही इजा कमी करण्यासाठी चिनी डॉक्टरांनी कीडाजडीकडे पाहिले. १९९५ साली युरोपातल्या एका मान्यवर मूत्रपिंडविज्ञान नियतकालिकात एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्यारोपण झालेल्या ६९ रुग्णांपैकी काहींना सायक्लोस्पोरिनबरोबर दिवसाला तीन ग्रॅम कीडाजडी आणि इतरांना निष्क्रिय औषध दिले होते, आणि कीडाजडीच्या गटात मूत्रपिंडाच्या इजेच्या खुणा कमी आढळल्या. चाचणीचा कालावधी मात्र पंधरा दिवसांचा होता. प्रत्यारोपित मूत्रपिंड दहा-पंधरा वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. पंधरा दिवसांत एवढेच कळते की औषधाची तात्कालिक इजा काहीशी सौम्य झाली असावी.

त्यानंतर चीनमध्ये अशा बऱ्याच चाचण्या झाल्या, आणि वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांचा एकत्र आढावा घेतला. २०१४ सालचा आढावा डायलिसिसवर नसलेल्या दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांविषयी होता आणि त्यात २२ अभ्यास आणि १,७४६ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना कॉर्डिसेप्सची जोड दिल्यास रक्तातले क्रिएटिनिन आणि लघवीतून जाणारी प्रथिने कमी होतात, हिमोग्लोबिन वाढते, असे आकडे सांगत होते. पुराव्याचा दर्जा मात्र एवढा कमी होता की आढावा घेणाऱ्यांनी ठाम निष्कर्ष काढायला नकार दिला. प्रत्यारोपणाच्या रुग्णांविषयीच्या २०१५ च्या आढाव्यात तर ५ अभ्यास आणि ४४७ रुग्णच होते, आणि तिथेही सूर तोच राहिला.

‘दर्जा कमी’ हा शब्दप्रयोग वरवर तांत्रिक शेरा वाटतो, म्हणून तो जरा उलगडून सांगतो. रुग्णांची दोन गटांत वाटणी खरोखर दैवाधीन होती का, हे अभ्यासात स्पष्ट नसेल, तर तुलनेने बरे रुग्ण नकळत नव्या औषधाच्या गटात जाण्याची शक्यता राहते. कोणाला काय मिळते हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत असेल, तर अपेक्षेचा रंग निकालावर चढतो. अपयशी चाचण्या छापल्याच जात नसतील, तर छापलेल्यांची बेरीज आपोआप गोड येते. याहून महत्त्वाचा मुद्दा मोजमापाचा आहे. क्रिएटिनिन हे स्नायूंच्या झिजेतून तयार होते आणि मूत्रपिंडावाटे बाहेर जाते. त्यामुळे मूत्रपिंड सुधारले की ते उतरते हे खरे, पण आजाराने स्नायू आटले, मांसाहार सुटला किंवा जेवण कमी झाले तरीही ते उतरते. मूत्रपिंड वाचले असे म्हणायचे, तर डायलिसिसची गरज लांबली का, प्रत्यारोपण टळले का, रुग्ण अधिक जगला का, हे काही वर्षे पाहावे लागते. कीडाजडीच्या चाचण्यांकडे या प्रश्नांची उत्तरे देण्याइतका कालावधी नव्हता आणि एवढे रुग्णही नव्हते.

तुलनेसाठी मधुमेहाच्या औषधांपैकी डॅपाग्लिफ्लोझिन घ्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेह असलेले आणि नसलेले मिळून ४,३०४ मूत्रपिंडविकारग्रस्त रुग्ण होते आणि त्यांच्यावर सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवले गेले. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता निम्म्याने घसरणे, मूत्रपिंड पूर्ण निकामी होणे, किंवा मूत्रपिंड वा हृदयाच्या कारणाने मृत्यू येणे, या एकत्रित धोक्यात ३९ टक्के घट झाली. चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवण्यात आली, कारण फायदा स्पष्ट झाला होता. या औषधाची कुळकथाही निसर्गातलीच आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन हा पदार्थ वेगळा करण्यात आला. तो लघवीवाटे साखर बाहेर टाकतो हे लक्षात आले, पण पोटातून घेण्यास तो अयोग्य होता. त्याच्या रचनेवरून बेतलेली सुधारित औषधे दवाखान्यात यायला पावणेदोनशे वर्षे लागली. नैसर्गिक पदार्थाला आधुनिक वैद्यकात दार बंद आहे ही तक्रार त्यामुळे मला पटत नाही. दार उघडे आहे, मात्र आत जाताना पदार्थ कोणता, मात्रा किती आणि फायदा कोणता, हे सांगावे लागते.

कीडाजडीचे घोडे इथेच अडते, कारण त्या नावाखाली मिळणाऱ्या वस्तू एक नाहीत. रानातली कीडाजडी इतकी महाग आहे की चाचण्यांमध्ये सर्वसाधारणपणे ती वापरलीच जात नाही. चीनमध्ये १९८० च्या दशकापासून कारखान्यातल्या टाक्यांत आंबवून वाढवलेल्या बुरशीच्या कॅप्सूल वापरात आल्या, आणि बहुतेक रुग्णचाचण्या अशा कॅप्सूलांच्या आहेत. त्यांतली बायलिंग या नावाची कॅप्सूल ज्या बुरशीपासून होते, ती कीडाजडीचीच देठविरहित अवस्था आहे. दुसऱ्या प्रसिद्ध कॅप्सूलमधली सीएस-४ ही बुरशी मात्र कीडाजडीच्या नमुन्यावर सापडलेली असली, तरी जनुकांच्या पातळीवर वेगळीच निघाली. भारतात, मुंबई-पुण्याच्या आरोग्यदुकानांत आणि ऑनलाइन, ‘कॉर्डिसेप्स’ म्हणून जे नारिंगी तंतू, पूड किंवा गोळ्या मिळतात, ते बहुधा कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस या तिसऱ्याच बुरशीचे असतात. ती काचेच्या बरण्यांत तांदळावर सहज वाढते आणि तिची लागवड करणारे तरुण उद्योजक आता आपल्याकडेही आहेत. तिच्यात गैर काही नाही. पण वेष्टनावर बर्फाच्छादित शिखरे छापून ती विकणे म्हणजे कर्नाटकी आंबा देवगडच्या पेटीत भरून विकण्यासारखे आहे. मूत्रपिंडाविषयीचे पुरावे, जे काही आहेत ते, एका बुरशीचे, आणि ग्राहकाच्या हातात पडते ती दुसरी.

आतल्या रसायनांतही फरक आहे. जाहिरातीत सर्वाधिक मिरवला जाणारा कॉर्डिसेपिन हा रेणू १९५० साली मिलिटॅरिस या जातीतूनच प्रथम मिळाला, आणि २०१७ सालच्या एका जनुकीय अभ्यासात रानातल्या कीडाजडीकडे तो बनवण्याची यंत्रणाच आढळली नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली: मिलिटॅरिस बुरशी कॉर्डिसेपिनबरोबर पेंटोस्टॅटिन हा रेणूही बनवते, कारण त्यामुळे कॉर्डिसेपिनचे विघटन थांबते. पेंटोस्टॅटिन हे रक्ताच्या एका कर्करोगावरचे मान्यताप्राप्त औषध आहे आणि शिफारशीपेक्षा जास्त मात्रेत दिले असता त्याने मूत्रपिंडांना गंभीर इजा झाल्याची नोंद त्याच्या अधिकृत इशाऱ्यातच आहे. गोळीतले त्याचे प्रमाण औषधाच्या मात्रेएवढे असेल असे मुळीच नाही, पण ज्या पदार्थाने मूत्रपिंड वाचवायचे, त्याच्या लेबलवर हा आकडा सहसा दिसत नाही, हे खटकण्यासारखे आहे. काही वेष्टनांवर ‘कॉर्डिसेपिक आम्ल’ असाही उल्लेख असतो. तो पदार्थ म्हणजे मॅनिटॉल ही साधी शर्करासदृश वस्तू आहे, हे रसायनशास्त्रज्ञांनी केव्हाच दाखवून दिले आहे. रुग्णालयात लघवी वाढवण्यासाठी मॅनिटॉल वापरतात खरे, पण ते शिरेतून देतात. तोंडाने घेतलेले मॅनिटॉल रक्तात थोडेच पोचते.

दुखावलेल्या मूत्रपिंडाच्या माणसाने अशा गोष्टी घेताना निरोगी माणसापेक्षा जास्त सावध राहायला हवे, कारण शरीरात शिरलेले नको ते बाहेर टाकणारा अवयवच त्याचा कमजोर आहे. २०१६ साली चीनच्या औषध नियामकाने कीडाजडीच्या उत्पादनांची तपासणी केली, तेव्हा त्यांत किलोमागे ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम आर्सेनिक सापडले. आरोग्यपूरक खाद्यांसाठी तिथली मर्यादा १ मिलिग्रॅमची होती. दीर्घकाळ घेतल्यास आर्सेनिक साठण्याचा धोका आहे, असा इशारा त्या वेळी देण्यात आला. चागा या बर्चच्या झाडावरच्या औषधी बुरशीत ऑक्झलेट भरपूर असते, आणि जपानमध्ये काही महिने तिची पूड खाणाऱ्या एका वृद्धेची मूत्रपिंडे ऑक्झलेटचे स्फटिक साचून निकामी झाल्याची नोंद २०१४ साली झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या स्त्रियांची हकिकत तर मूत्रपिंडविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत गेली आहे. वजन घटवण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधीत एका वनस्पतीच्या जागी अॅरिस्टोलोकिया ही दुसरीच गेली होती, आणि कित्येक जणींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपणापर्यंत जावे लागले. तिथेही घोटाळा नावावरूनच झाला होता.

प्रत्यारोपण झालेल्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. सायक्लोस्पोरिनची जागा आता बहुतांशी टॅक्रोलिमसने घेतली आहे. या दोन्ही औषधांची रक्तातली पातळी अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते. ती खाली गेली तर शरीर मूत्रपिंड नाकारू शकते आणि वर गेली तर औषधच मूत्रपिंडाला बाधते. कॉर्डिसेप्सच्या जाहिराती ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ असे सांगतात, आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णाला नेमकी तीच नको असते. काही प्रयोगांत हे अर्क प्रतिकारशक्ती दाबतात, काहींत उत्तेजित करतात. दोन्हीपैकी काय घडेल याची हमी नसलेली वस्तू या पट्ट्यात आणून टाकणे योग्य नाही.

ज्यांच्या घरात अशी गोळी आधीच सुरू आहे, त्यांनी ती लपवू नये. पुढच्या तपासणीला डबा, त्यावरचा बुरशीच्या जातीचा आणि घटकांचा मजकूर, आणि जड धातूंच्या चाचणीचा अहवाल असल्यास तोही बरोबर न्यावा. जातीचे पूर्ण नाव डब्यावर नसेल, तर ती गोळी मूत्रपिंडासाठी घेण्याला आधारच उरत नाही. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणारी, लघवीतली प्रथिने कमी करणारी आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे कोणत्याही परिस्थितीत स्वतःहून बंद करू नयेत. डॅपाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट भारतात २०२० साली संपल्यापासून ते अनेक कंपन्यांकडून मिळते आणि कीडाजडीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांपेक्षा स्वस्त पडते. गोळी सुरू केल्यानंतर क्रिएटिनिन उतरलेले दिसले, तर त्याच काळातले वजन, आहार आणि लघवीतील प्रथिनांचे प्रमाण शेजारी ठेवून तो आकडा डॉक्टरांसमवेत वाचावा. शंका राहिल्यास स्नायूंवर अवलंबून नसलेली सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी करता येते का, ते त्यांना विचारावे.